मूठ

बायकोची उजवी मूठ काही केल्या उघडेना. हाडं शाबूत, नसा शाबूत; शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा तो तिला संमोहन करणाऱ्या समुपदेशकबाईंकडे घेऊन आला. त्यांच्या संथ आवाजाने तिचे डोळे मिटले, खांदे सैल पडले. मूठ मात्र तशीच.

“मुठीत काय आहे, ताई?”

“पिल्लूचं बोट. रस्ता ओलांडतोय आम्ही.”

तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. पिल्लूची छोटी सायकल त्याने कालच कुणाला तरी देऊन टाकली होती.

बाईंनी आवाज आणखी मऊ केला. “बघा, पोचलात पलीकडे. आता एकही गाडी नाही. सोडा बोट.”

मूठ आणखीच आवळली गेली.

“नाही सोडणार. पोचलो, असं मला त्या दिवशीही वाटलं होतं.”