हिरवा शालू

कोकिळानं पदर नाकापर्यंत ओढला आणि रस्त्याकडेच्या दोरीवरून वाकून पाहिलं. ढोल गेले. काठ्यांवर चालणारी उंच माणसं गेली. पोटात दिवे लावलेले कागदी मासे गेले.

शालू अजून आला नव्हता.

तिच्या लग्नातला. हिरवा, पदराला एका जागी रफू केलेला. पेटीतून नाहीसा झाला होता. शेजारच्या पूनमनं तो अलिबागच्या महोत्सवाच्या तालमीत पाहिला, पाठमोऱ्या पुरुषाच्या अंगावर, आणि नळावर चार बायकांदेखत सांगितलं. चौल गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही.

घरात नाचरा एकच. गणराज. लहानपणापासून आरशासमोर कंबर हलवायचा.

सकाळी तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, "आये, मी न्हाय नेला." तिनं कानाखाली दिली. पोरगा गाल धरून निघून गेला तो जेवायलाही आला नाही.

नवऱ्याला, दिनानाथला, तिनं यातलं काही कळू दिलं नव्हतं. हा आठवडाभर त्याची कंपनीत नाईट होती. तसा तो हल्ली निवळला होता. पिकली म्हणून मिशीसुद्धा काढून टाकली होती. पण परवा बायकांची सोंगं घेणाऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा ताटावरची नजर न उचलता म्हणाला होता, "लाज वाटते मला, कोके." कोके तिला तो एकटाच म्हणायचा. आणि भात तसाच टाकून उठला होता. पोराचं कळलं असतं तर त्यानं त्याला घरात ठेवलं नसतं.

म्हणून ती रिक्षा करून अलिबागला आली होती. बापाला कळायच्या आत पोराला ओढून न्यायला.

सनई.

आणि हिरवा.

नाकात नथ, कपाळावरून डोळ्यांपर्यंत पदर, चेहऱ्यावर रंगाचा थर. उंची तीच, बापावर गेलेली. लोक आधी शिट्ट्या मारत होते. मग गप्प झाले. तो असा वळायचा, असा हात उचलायचा की कोकिळा क्षणभर बघतच राहिली. आवडलं तिला. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

बाजूच्या बाईनं विचारलं, "तुमच्यातला कोन हाय काय?"

"न्हाय," कोकिळा म्हणाली.

पदर फिरला. रफू दिसलं.

ती दोरीखालून आत घुसली आणि तिनं त्याचं मनगट पकडलं. दोन बांगड्या फुटल्या.

"घरी चल," ती दात आवळून म्हणाली. "बाप बघल."

नाच थांबला. नथीआडून दबका आवाज आला.

"हळू बोल, कोके. पोरगा बघल."