किल्लीचा मान

ओतिलिया पुढच्या बाकावर बसली तेव्हा तिच्या नखांत अजून माती होती. आठवडाभर सगळ्यांनी मिळून चर्चच्या भिंती लिंपल्या होत्या. सगळ्यांनी म्हणजे डेन्व्हरहून, अल्बुकर्कीहून सुट्ट्या काढून आलेल्यांनी. गावात तर आता चारच घरांतून धूर निघतो. पण आले होते, कोपरापर्यंत माखले होते, हे काही खोटं नाही.

सिमेंटचं खूळ तिच्याच पिढीचं. दरवर्षी लिंपायचा ताप नको म्हणून त्यांनी भिंतींना सिमेंट चोपडलं. आत ओल कोंडली, विटा कुजल्या, एक भिंत बसली. शिवाय लिंपायचं काम उरलं नाही, तशी माणसंही यायची बंद झाली. आता सिमेंट खरवडून, मातीच्या विटांची भिंत पुन्हा उभी करून चर्च होतं तसं झालं होतं. आज गावच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाला आत बसायला जागा नव्हती.

"आई, किल्ली दिलीस की सरळ गाडीत बसायचं," शेजारून लोरेन्सा कुजबुजली. "तुझ्या बॅगा ठेवल्यात मी."

"रश्शाचं पातेलं तरी धुऊ देशील?"

"धुवेल गं कोणीतरी."

"कोण?"

लेकीने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

सणाच्या दिवशी चर्चची किल्ली हात बदलते. जुने मानकरी वेदीच्या डावीकडे गुडघे टेकतात, नवे उजवीकडे. फादर इकडून किल्ली घेतात, तिकडे देतात. मग वर्षभर गावात राहून झाडलोट, मेणबत्त्या आणि लिंपायच्या वेळी घरोघर फोन करून माणसं गोळा करणं, सगळं त्यांच्या गळ्यात. हा मान जोडप्याचा. नवरा देल्फिनो गेल्यापासून ओतिलियाने तो एकटीने ओढला होता. गुडघे बोलायला लागले होते. मानकरी नसतील तर चर्चला कायमचं कुलूप, असं फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तिला घोर नव्हता. काल चिखल कालवताना अल्बुकर्कीहून आलेला दिराचा मुलगा हिलारियो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काकू, यंदा किल्ली माझ्याकडे. तुम्ही फक्त हुकूम सोडायचे!" त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

ती डावीकडे गुडघे टेकून बसली आणि किल्ली फादरांच्या हातात दिली. हात एकदम हलका झाला. डेन्व्हरला लेकीच्या घरातली खिडकीजवळची खोली तिला दिसली, आणि खरं सांगायचं तर हवीशी वाटली.

"नवे मानकरी पुढे या," फादर म्हणाले.

हिलारियो अर्धवट उठला. त्याच्या बायकोने मान न वळवता विचारलं, "आणि पोरांची शाळा? ती काय सान इसिद्रो बघणार आहे?"

तो बसला. वाकून धाकट्याच्या बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

फादरांनी पुन्हा विचारलं. कोणी खोकलं, कोणी छताकडे पाहिलं. ज्या हातांनी भिंती लिंपल्या होत्या, ते सगळे हात मांडीवर गप्प पडून होते. रिकाम्या चर्चमध्ये एकटीने झाडू मारताना ओतिलियाला कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं.

फादर तिच्याजवळ वाकले. "बाई, तुम्ही पुष्कळ केलंत. बिशपसाहेबांना मी कळवतो."

त्यांनी किल्ली झग्याच्या खिशाकडे नेली.

ओतिलियाने कठड्याला धरून एक पाय उचलला, मग दुसरा. लोरेन्सा धावत आली, तिने आईचा दंड धरला आणि दाराकडे वळवलं. ओतिलियाने दंड सोडवून घेतला. वेदीसमोरून, सगळ्यांच्या देखत, ती उजवीकडे चालू लागली.

"आई, अगं काय करतेयस?"

"फादर, जरा थांबा," ती म्हणाली. "त्या बाजूला पोचायला मला वेळ लागतो."

फादर किल्ली हातात धरून थांबले. मान जोडप्याचा असतो, म्हणून शेजारी एका माणसाची जागा सोडून तिने गुडघे टेकले.