तांबड्या रेघेच्या आत

"ठिपका हलतोय," पिंकी ओरडली. "आई, बाबांचा ठिपका हलतोय!"

मीरा मोबाइलवर वाकली. निळ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका दातीवऱ्यासमोरून थोडा खाली सरकला होता. मुंगीच्या पावलांनी, पण गावाच्या, कळंबच्या दिशेने.

मच्छीमार संस्थेच्या पत्र्याच्या ऑफिसात सकाळपासून अर्धा गाव जमला होता. वादळाचा इशारा आला तशा बाकीच्या होड्या परतल्या. राहिल्या दोन. एक मीराच्या नवऱ्याची, आत्मारामची. दुसरी शेजारच्या फर्डिनंडची. दोघे काल पहाटे बरोबरच निघाले होते.

फर्डिनंडची बायको प्रिस्का कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. तिला बघायला ठिपकाच नव्हता. फर्डिनंडच्या होडीवरचा, ठिपका दाखवणारा सरकारी डबा महिन्यापूर्वी बंद पडला. बदलून मिळावा म्हणून त्याने ऑनलाइन अर्ज केला होता.

"त्याला दर सोमवारी मेसेज येतो," संस्थेचा चेअरमन आल्बर्ट म्हणाला. "आपला अर्ज विचाराधीन आहे. मेसेज पाठवनारं सॉफ्टवेअर मात्र एक दिवस बंद पडत नाय बघा."

दोघेतिघे हसले आणि प्रिस्काकडे बघून गप्प झाले.

डबे बसवले तेव्हा गावाने बरीच कुरकुर केली होती. होडी कुठे आहे ते डबा उपग्रहाला सांगतो आणि उपग्रह ऑफिसाला. पडद्यावर एक तांबडी रेघ होती. होडी रेघेच्या बाहेर गेली की परवाना अडकायचा. मासळी मात्र हल्ली रेघेच्या आत फिरकत नव्हती. "सायबलोक हापिसात बसून व्हिडिओ गेम खेळनार आनि त्यातली बाहुली आपन," आत्माराम म्हणायचा. तो डबा उपटून फेकायलाच निघाला होता. मीराने अडवलं. "ठिपका दिसला नाय तर मी जेवनार नाय," तिने बजावलं. तेव्हापासून त्याचा ठिपका कधी विझला नाही आणि रेघेबाहेरही गेला नाही. नवऱ्याने इतकं ऐकल्याचं मीराला मनातून बरं वाटायचं.

"एवढे हळू का येतायत पण?" पिंकी पुटपुटली. ती मालाडला गेम तपासायच्या नोकरीत होती. "आमच्या गेममध्ये एखादी बोट अशी चालली असती ना, तर मी बगची तक्रार टाकली असती."

"टाक की," आल्बर्ट म्हणाला. "सरकारच्या नावानं टाक. गेल्या वर्षी जेट्टी मागितली, तर ॲप दिलं."

"काका, प्लीज."

"लाटा बघ बाहेर, पोरी. या लाटांत कोन पळवील होडी?"

तेवढ्यात आल्बर्टचा फोन वाजला. तो बराच वेळ नुसता हं हं करत राहिला. मग फोन छातीशी धरून मीराकडे वळला.

"बचावाची बोट एकच मोकळी हाय. या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाय. बोटवाले म्हनतात, ज्याचा ठिकाना माहीत हाय त्याला आधी गाठतो. आत्मारामला किनाऱ्याला आनून सोडतो. मग उजेड राहिला, तर फर्डिनंडला शोधतो."

प्रिस्काच्या बोटांतली माळ थांबली. ती काही बोलली असती तर मीराला सोपं गेलं असतं.

"फर्डिनंड कुठं असंल?" मीराने विचारलं.

"दातीवऱ्याकडंच. बरोबर गेलेले ना. त्याचं इंजिन जुनं, मागं पडला असंल."

"आनि ह्यांना यायला किती वेळ?"

"याच स्पीडने तीन तास," पिंकी म्हणाली. मग तिने आईचा दंड धरला. "आई, नको. होडीत पाणी भरत असेल म्हणून हळू येत असतील. बोट येतेय तर येऊ दे ना आपल्याकडे."

मीराने ठिपक्याकडे पाहिलं. तो पुन्हा केसभर सरकला.

"आमचा येतोय," ती म्हणाली. "रांगत का होईना, येतोय. फर्डीला शोधा म्हनावं."

"मीराबाय, नीट इचार कर."

"केला. सांगा त्यांना."

प्रिस्का उठली. तिने मीराचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

तीन तासांचे चार झाले. ठिपका दोनदा जागीच थांबला, आणि दोन्ही वेळा पिंकी बाहेर जाऊन समुद्र बघून आली. मीरा जागची हलली नाही. तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. साडेपाचला ठिपका किनाऱ्याच्या रेघेला टेकायला आला, तशी ती उठली आणि वाळूत धावत सुटली.

सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र मातकट झाला होता. फेसातून एक होडी वरखाली होत येत होती. सरकारने सगळ्या होड्यांना एकच रंग लावायला लावल्यापासून लांबून कुठली कोणाची ते कळत नसे. आता कळायची गरजही नव्हती. मीरा कमरेइतक्या पाण्यात शिरली. मागून पिंकी हसत, रडत येत होती.

"मीराबाय!" आल्बर्ट काठावरून ओरडला. "बोटवाल्यांचा फोन होता. अंधार पडतोय म्हनून बोट परत फिरली. फर्डी नाय मिळाला!"

मीराने मागे वळून पाहिलं. प्रिस्का वाळूत खाली बसली होती. मीराला आपल्या सुखाची लाज वाटली.

होडीचं पुढचं टोक वाळूला लागलं. एक माणूस काठ धरून खाली उतरला. धडपडला, सावरला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला डबा छातीशी धरून तिच्यापुढे आला. फर्डिनंड होता.

"धर तुझ्या नवऱ्याचा डबा," तो धापा टाकत म्हणाला. "'मी रेघेभायेर जातोय, तवर तुझ्या होडीत ठेव,' म्हनाला, 'नायतर मीरा जेवत नाय.' पोचला ना तो?"