डुबकी

बोट मोडल्याचा आवाज स्टेपनीला पार बाकावर ऐकू आला. कट्! बॅटला निसटता लागलेला सॉफ्टबॉल थेट बॅटवालीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या उघड्या हातावर आला होता. कॅचरने आधी हात झटकला. मग तिने आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि त्यानंतर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"स्टेपनी, ऊठ," कोच मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"नाही, तुझी पणजी! मास्क घाल."

बाकावर दुसरं होतंच कोण? दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपचा घोटा परवा सुजला, तिच्या जागी गोळाफेकवाली उभी होती. उजव्या कोपऱ्यातलीचा खांदा सकाळी निखळला, तिथे चष्मिश होती. चष्मिश कालपर्यंत फक्त स्कोअर लिहायची. आजही सवयीने प्रत्येक धाव मोठ्याने मोजत होती. संघ असा ठिगळं लावत लावत सेमीफायनलच्या शेवटच्या डावापर्यंत पोचला होता. एक धाव पुढे. समोरच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की जिंकलो. पण त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. त्या दोघी होम प्लेटवर, म्हणजे घरी आल्या की खेळ खल्लास.

मास्क आतून ओला आणि गरम होता. स्टेपनी होम प्लेटमागे उकिडवी बसली, आणि तिने समोर पाहिलं. चेंडू फेकणारी पिचर म्हणजे तिची सख्खी ताई. वर्षभर दर सामन्याआधी मैदानाच्या कडेला ताई फेकायची, ही झेलायची. हजारो चेंडू झेलले असतील. पण आत्ता कुठे ध्यानात आलं, मध्ये बॅट घेऊन कुणी कधी उभंच नव्हतं! आता मात्र नाकापासून हातभर अंतरावर एक लंबू मुलगी बॅट अशी घुमवत होती, जशी काही गाद्या धोपटायला आलीय.

"सरळ टाक गं! सरळच!" मॅडम ओरडल्या.

ताईने सरळ टाकला. बॅट फिरली, आणि स्टेपनीचे डोळे आपोआप गच्च मिटले. टॉक! कानाजवळून काहीतरी सूंऽ करत गेलं. डोळे उघडले तर चेंडू मागच्या जाळीत, आणि हिचा ग्लोव्ह भलतीकडेच. नशीब, बॅटला लागून मागे गेला म्हणून फाउल. कुणाला धावता आलं नाही, आणि बोट मोडलं तो चेंडू धरून लंबूच्या तीनपैकी दोन संधी गेल्या.

ताई चालत आली. ग्लोव्हने तोंड झाकून म्हणाली, "डोळे मिटलेस ना?"

"नाही."

"खोटारडे."

"थोडेसे."

"तुझं नाक फुटलं तर आई मला घरात घेणार नाही, कळलं?"

एरवी स्टेपनी खो खो हसली असती. "ताई, तिला सरळ चेंडू कळलाय गं. पुढचा ती मारणारच."

"मग काय, डुबकी टाकू? तू घेणारेस?"

स्टेपनीने मास्क नीट केला. डुबकी हा ताईचा हुकमाचा चेंडू. सरळ येतो, सरळच येतो, आणि बॅटच्या तोंडाशी खाली बुडी मारतो. बॅटवाली हवा मारते, हे खरं. पण तो जमिनीवर आपटून कॅचरच्या अंगावर कुठेही उसळतो. गळ्यावर, मांडीवर, बोटांवर. अडला नाही तर दोघी घरी.

"सरळच टाकते," ताई म्हणाली. "बघू काय होतं ते." आणि गेली.

कुठला चेंडू हवा ते कॅचरने मांड्यांच्या मध्ये बोटं धरून सांगायचं. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे डुबकी. स्टेपनीने एक बोट धरलं. लंबूने टाच मातीत रुतवली आणि खुशीत शीळ घातली. अगदी हळू.

त्या शिळेनंतर स्टेपनीने दुसरं बोट खाली सोडलं.

ताईने मान हलवली. नाही.

स्टेपनीने पुन्हा दोन बोटं धरली.

ताईने ग्लोव्हमध्ये चेंडू फिरवला. मग तिने फेकला.

बॅट फिरली. डोळे मिटले. मिटणारच होते! पण या वेळी स्टेपनीने दोन्ही गुडघे मातीत टाकले, छाती पुढे केली आणि भिंतीसारखी बसून राहिली. धप्प! श्वासच गेला.

"पळ! पळ!" पलीकडचा अख्खा बाक किंचाळला. लंबूची तिसरी संधीही हुकली होती, पण चेंडू झेलला गेला नव्हता, म्हणजे तिला अजून पहिल्या बेसकडे पळायची मुभा होती; त्याआधी चेंडू अंगाला लावला तरच ती बाद. तिसऱ्या बेसवरची तर धूळ उडवत घराकडे निघालीसुद्धा. चेंडू कुठाय? कुठाय? स्टेपनीने डोळे उघडले. तिच्याच गुडघ्यांच्या मध्ये, शहाण्या बाळासारखा पडला होता. लंबूने पहिलं पाऊल टाकलं. स्टेपनी चेंडू उचलून तशीच रांगत झेपावली आणि तिने तो लंबूच्या कमरेत रुतवला.

"बाद!" पंच ओरडले.

"एका धावेने!" चष्मिश कोपऱ्यातून बोंबलली. "एका धावेने जिंकलोऽ!"

"अगं, सोड ना आता," लंबू म्हणाली. "खड्डा पडेल मला."

तेव्हा कुठे स्टेपनीने हात मागे घेतला. सगळ्याजणी धावत आल्या, कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी मास्कवरच मुका घेतला. तिला छातीत ठणकत होतं. ती वाकून पायाच्या पॅडचा पट्टा सोडवू लागली.

"काढतेस कशाला?" ताई म्हणाली. "तासाभरात फायनल आहे."

स्टेपनी होम प्लेटवर मटकन बसली.