साडेतीन व्होल्ट
अमेरिकेतल्या चँडलर शहरात, व्हेपच्या म्हणजे ई-सिगारेटच्या दुकानात आन्या काउंटरवर होती. वडिलांचे मित्र शैलेंद्रकाका आत आले आणि तिला बघून ओशाळले. गेल्याच रविवारी तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "इंजिनिअरिंग सोडून पोरगी धूर विकते!" त्यांनी ई-सिगारेट निवडली. "काका, आतली तापणारी कॉइल एक पॉइंट दोन ओहमची आहे. व्होल्टेज साडेतीनच्या वर नको," आन्या म्हणाली. "चिप्स डिझाइन करतो मी. मला ओहम शिकवू नकोस!" त्यांनी आकडा थेट पाचावर नेला आणि झुरका घेतला. आतला कापूस जळला. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. आन्याने नवी कॉइल बसवली, आकडा खाली आणला. "काकूला सांगू नकोस हं. तिला वाटतं, मी सिगारेट सोडलीय," ते कुजबुजले. लहानपणापासून ती या माणसाला घाबरत आली होती. त्यांच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहत ती म्हणाली, "नेक्स्ट!"