पितळी कड्यांचा झोपाळा

"मुलगी बघायला आलोय, की राजेसाहेबांचा बंगला?" नवऱ्याने कोपर मारलं, तरी चारुशीलाबाईंची नजर झुंबरावरून कारंज्याकडे पळतच होती.

घरी पोहे नकोत, संस्थानचा माळावरचा बंगला डागडुजी होऊन नुकताच खुला झालाय, तिथेच भेटू, हा मुलीचा हट्ट. त्याबद्दल चारुशीलाबाईंनी तिचे दोन गुण घरूनच कापून आणले होते. बागेत होणाऱ्या सासूच्या पुढे चालली, त्याचा एक. मोर बघून खिदळली, त्याचा अर्धा.

मागच्या दालनात मात्र त्यांचा हिशेब थांबला. पितळी कड्यांचा शिसवी झोपाळा! माहेरी अस्साच होता; सासरच्या दोन खोल्यांत कुठला झोपाळा? वाळत घातलेल्या कपड्यांखालून जावं तशा त्या मखमली दोरीखालून वाकून गेल्या आणि खुशाल बसल्या.

"ओ मावशी! उठा! त्यावर बसायचं नाही!" रखवालदार धावत आला. सगळं दालन वळलं. नवरा आणि मुलगा एकदम छताची नक्षी बघू लागले. चारुशीलाबाईंना उठायचंही सुचेना.

तेवढ्यात मुलगी दोरीखालून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. "दादा, एकच झोका. मग दोघींना एकदम हाकला."

रखवालदाराला हसू फुटलं. "एकच हं!"

कड्या कुरकुरल्या. झोका वर जाताना चारुशीलाबाईंनी कापलेले सगळे गुण परत केले. खाली येताना हळूच तिच्या कानाशी लागल्या.

"आमचा मुलगा पसंत आहे ना गं तुला?"