बनाबाईचा खाडा

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडची अख्खी धनगरवाडी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. तिथंच ऐन दुपारी, हातात हातोडी असतानाच, बनाबाई उन्हानं गेली. मुकादमानं मस्टरवर तिचा खाडा मांडला.

दुसऱ्या सकाळी हे कळलं तशी तिची जाऊ मायाक्का उसळली. "कामावर मेली ती! अन् गैरहजर लिवता?"

"अर्ध्या दिसाची हजेरी धरत न्हाईत. बस खाली."

बनाबाईच्या रिकाम्या जागेवरून ठक्क आवाज आला. पुन्हा ठक्क.

"कोण हाय तितं? हातोड्या ठेवा समद्यांनी!"

बायकांनी हातोड्या खाली ठेवल्या. आवाज चालूच राहिला. तिच्या ढिगावरून ताजी खडी घरंगळत मुकादमाच्या बुटापाशी आली.

मायाक्कानं त्या खाड्यावर बोट रोवलं. "आता लिवा की. हजर हाय ती."